जुन्या ट्रॅक्टराचा क्लच : दुखणें कसें ओळखावें

वाचनासाठीं शास्त्रभाग : नीतिसूत्रें २७:२३-२७, याकोब १:५-८

पुष्कळ खेड्यांत आतां बैलजोडी विकली गेली आहे, आणि तिच्या जागीं दोघां-तिघां भावांच्या भागीदारींत घेतलेला, दुसऱ्याच्या हातून आलेला जुना ट्रॅक्टर दारांत उभा आहे. नांगरट, पेरणी, मळणी, उसाची वाहतूक, सर्व भार त्याच्यावरच. मृगाचा पाऊस पडतो, जमिनीला वापसा येतो, आणि नेमका त्याच दिवशीं तो ओढीनासा होतो, किंवा त्याचा गिअर पडत नाहीं. वापसा कोणाची वाट पाहत नाहीं. तालुक्याहून मिस्त्री येतो, "क्लच गेला" एवढें म्हणतो, आणि इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करण्याची तयारी करतो. दिवस मोडतात, हजारों रुपये लागतात, आणि ते बहुधा उसने काढावे लागतात. कित्येकदां तें काम खरोखर करावेंच लागतें. परंतु कित्येकदां दोष आंत नसून बाहेर, पेडलापाशींच असतो, व एका पान्यानें दूर होतो. यांपैकीं कोणता प्रसंग आपल्यापुढें आहे हें कसें ओळखावें, तें या पाठांत सांगावयाचें आहे.

मंडळीच्या पत्रांत यंत्राचा पाठ कशाला, असें कोणी विचारील. नीतिसूत्रांचा कर्ता मेंढपाळास बजावतो कीं आपल्या कळपाची हालहवाल स्वतः जाणून घे, कारण धन सदा टिकणारें नव्हे. ज्याच्या घरीं कळप नसून ट्रॅक्टर आहे त्यालाही ही शिकवण लागू आहे. सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्यानें १९१० सालीं अलाहाबाद (आतां प्रयागराज) येथें शेतकी शिक्षणाची संस्था काढली, आणि १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाच्या नांवांतच सुवार्ता व नांगर हीं दोन एकत्र जोडलीं. शिवाय ट्रॅक्टराबरोबर आलेली पुस्तिका वाचून दाखविण्याचें काम गांवांत पुष्कळदां उपदेशकाकडेच येतें. म्हणून उपदेशकांनीं हा पाठ शेतकरी बंधूंस जमवून, शक्य तर ट्रॅक्टराजवळ उभें राहूनच, वाचून दाखवावा.

१. क्लच काय करतो

इंजिनाच्या मागच्या अंगास फ्लायव्हील नांवाचें जड चाक फिरत असतें. त्याला लागून क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंस लायनिंग बसविलेलें असतें, व तिच्या मध्यांतील खांचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो. तिच्या मागें प्रेशर प्लेट असते. प्रेशर प्लेटीच्या कडक स्प्रिंगा क्लच प्लेटीला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. म्हणून सर्व एक होऊन फिरतात, आणि इंजिनाचें बळ मागच्या चाकांपर्यंत पोहोंचतें. आपण पेडल दाबलें कीं रिलीज बेअरिंग पुढें सरकतें, प्रेशर प्लेटीवरील लहान तरफा दाबतें, प्रेशर प्लेट मागें ओढली जाते, आणि क्लच प्लेट मोकळी होते.

म्हणजे पाय उचललेला असतांना क्लच धरतो, आणि पाय दाबलेला असतांना सोडतो. धरणें व सोडणें हीं त्याचीं दोन कामें. म्हणून त्याचीं मुख्य दुखणींही दोन. नीट न धरणें, यास क्लच घसरणें म्हणतात; आणि नीट न सोडणें, यास क्लच न सुटणें म्हणतात. दोहोंचीं कारणें पुष्कळ अंशीं एकमेकांच्या उलट आहेत, व उपायही उलट आहेत. एकाचें औषध दुसऱ्यास दिलें तर दुखणें वाढतें. यास्तव पाना हातीं घेण्यापूर्वीं दुखणें कोणतें तें ठरवावें.

२. प्रथम मोकळी चाल मोजावी

इंजिन बंद ठेवून पेडल हातानें हळू दाबावें. प्रथम तें सहज जातें. मग एके ठिकाणीं एकदम जड लागतें. त्या सहज जाण्यास मोकळी चाल म्हणतात. रिलीज बेअरिंग व तरफा यांच्यामध्यें जी थोडी फट ठेवलेली असते, तीच पेडलापाशीं या रूपानें दिसते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत ही चाल पेडलाच्या टोकाशीं सुमारें २० ते २५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण ते एक इंच, ठेवतात. परंतु प्रत्येक बनावटीचें माप निराळें असतें, म्हणून आपल्या ट्रॅक्टराच्या पुस्तिकेंत जो आंकडा दिला असेल तोच खरा धरावा. मोजण्यास मुलांची शाळेची पट्टी पुरे.

येथें एक गोष्ट पुष्कळांस चकविते. लायनिंग झिजलें म्हणजे चाल वाढेल असें मनास वाटतें, पण घडतें याच्या उलट. लायनिंग पातळ झालें कीं प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे अधिक सरकते, आणि तरफांचीं आंतलीं टोकें मागें, बेअरिंगाकडे येतात. फट कमी होत जाते. ती अगदीं नाहींशी झाली म्हणजे बेअरिंग तरफांस रात्रंदिवस टेकून राहतें, जणूं कोणी न दिसणारा पाय पेडलावर ठेवून बसला आहे. मग स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटीवर पडत नाहीं, व क्लच घसरूं लागतो.

दुसऱ्या बाजूनें, पेडलापासून आंत जाणारी सळई, तिच्या पिना व भोकें झिजलीं म्हणजे चाल वाढते. पाय तळाला टेकला तरी बेअरिंग पुरेसें पुढें जात नाहीं, व क्लच सुटत नाहीं. तेव्हां हा नियम लक्षांत ठेवावा : चाल फार थोडी असेल तर घसरण्याचा संशय, चाल फार अधिक असेल तर न सुटण्याचा संशय.

३. घसरणारा क्लच

नांगर खोल गेला किंवा ट्रॉली चढाला लागली कीं इंजिनाचा आवाज चढतो, धूर निघतो, पण ट्रॅक्टर पुढें जात नाहीं, आणि लायनिंग जळाल्याचा उग्र वास येतो. हीं घसरण्याचीं चिन्हें होत. इंजिनच अशक्त झालें असेल तर ओझ्याखालीं त्याचे फेरे उतरतात व तें धापा टाकून बंद पडूं पाहतें. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे उतरत नाहींत. वेग मात्र उतरतो. मागचीं चाकें जागच्या जागीं फिरत असलीं तर दोष क्लचाचा नव्हे, जमिनीच्या पकडीचा आहे. आवाज व चाकें या दोहोंकडे एकाच वेळीं लक्ष दिल्यास येथेंच अर्धा निवाडा होतो.

खात्री करून घेण्यासाठीं सपाट मोकळ्या जागीं, अवजार व ट्रॉली सोडून, पुढें-मागें कोणी उभें नसतांना, दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट लावावे. इंजिन मंद ठेवून वरचा गिअर घालावा, आणि पेडल सावकाश सोडावें. क्लच निरोगी असेल तर इंजिन दबून बंद पडेल. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिलें तर क्लच घसरतो हें निश्चित. ही परीक्षा दोन-तीन सेकंदांहून अधिक लांबवूं नये. नाहींतर परीक्षेनेंच लायनिंग जळेल.

आतां कारण शोधावयाचें तें बाहेरून आंत, व फुकटाकडून खर्चाकडे, या क्रमानें. पेडल वर येतें कीं नाहीं तें पाहावें. त्याची मागें ओढणारी स्प्रिंग तुटली असेल, किंवा पेडलाचा दांडा गंजून अडकला असेल, तर साफ करून तेल-ग्रीस द्यावें व नवी स्प्रिंग घालावी. मग मोकळी चाल मोजून, कमी असल्यास सळईवरील नट फिरवून ती पुस्तिकेप्रमाणें करावी. नट फिरविण्यास आंटेच उरले नसतील तर लायनिंग संपलें असें समजावें.

त्यानंतर क्लचाच्या घराच्या तळाशीं असलेलें लहान भोंक पाहावें. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत त्यांत एक दुपदरी पिन लोंबत ठेवलेली असते. ती हलत राहून भोंक मोकळें ठेवते. तेथून तेल ठिबकत असेल तर तेल प्लेटीवर गेलें असण्याचा मोठा संभव आहे, व तेल लागलेलें लायनिंग कितीही जाड असलें तरी धरीत नाहीं. तेल काळें व पातळ असेल तर बहुधा इंजिनाचें मागचें सील गेलें; दाट व गिअर-तेलाच्या वासाचें असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टाचें सील गेलें. हा भेद मिस्त्री येण्यापूर्वींच टिपून ठेवावा. कारण सील न बदलतां नुसती नवी प्लेट घातली, आणि महिन्या-दोन महिन्यांत तीही तेलानें भिजून घसरूं लागली, असे प्रसंग आमच्या पाहण्यांत आले आहेत. कर्ज एकदां काढलें, काम दोनदां करावें लागलें. भातखाचरांत चिखलणी करणाऱ्यांनीं तें भोंक चिखलानें बुजलें नाहीं ना, हेंही पाहावें. आंत शिरलेलें पाणी बाहेर पडण्याचा तोच मार्ग आहे.

४. न सुटणारा क्लच

पेडल पूर्ण दाबलें तरी गिअर खरखरत पडतो, किंवा गिअर पडतांच ट्रॅक्टर पुढें उडी घेतो, हीं न सुटण्याचीं चिन्हें होत. हें दुखणें घसरण्याहून अधिक भयंकर आहे. घसरणारा क्लच पैसा खातो. न सुटणारा क्लच माणूस खाऊं शकतो. ट्रॅक्टर व अवजार यांच्यामध्यें उभें राहून पिन लावणारा बहुधा घरचाच मुलगा किंवा गडी असतो, आणि चालक पेडलावर विसंबून ट्रॅक्टर मागें घेत असतो. क्लच सुटला नाहीं तर मधल्या माणसास पळावयास जागा राहत नाहीं. म्हणून असा ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत अवजार जोडण्यास नेऊं नये. आणि क्लच चांगला असला तरी ट्रॅक्टर मागें येत असतां मध्यें कोणी उभें राहूं नये.

परीक्षा अशी : मोकळ्या जागीं, मागें-पुढें कोणी नसतांना, इंजिन मंद ठेवून पेडल पूर्ण दाबावें, चार-पांच सेकंद थांबावें, मग मागचा गिअर हळू घालावा. निरोगी क्लचांत एवढ्या वेळांत प्लेट थांबते व गिअर निमूटपणें पडतो. खरखर झाली तर क्लच सुटत नाहीं.

येथेंही क्रम तोच. प्रथम चाल मोजावी. अधिक असल्यास कमी करावी. पिना व भोकें पाहावीं. झिजलेल्या पिनेच्या जागीं तार बांधणें हा उपाय नव्हे, कारण तार ऐन वेळीं तुटते. हें सर्व ठीक असूनही क्लच न सुटला तर दोष आंत आहे : प्लेट वाकली असेल, शाफ्टाच्या खांचा गंजून प्लेट सरकत नसेल, किंवा तरफा एका उंचीवर नसतील.

पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टराची गोष्ट निराळी. त्याची प्लेट गंजानें फ्लायव्हीलला चिकटून बसते. असा ट्रॅक्टर गिअरांत ठेवून कदापि सुरू करूं नये. पेडल दाबलेलें असलें तरी तो तत्काळ चालूं लागेल. गिअर मोकळा ठेवून इंजिन अर्धा तास चालवावें, म्हणजे उष्णता आंत पोहोंचते; मग इंजिन बंद करून, पेडल पूर्ण दाबून, लांकडाच्या ठोकळ्यानें रात्रभर तसेंच अडकवून ठेवावें. कित्येकदां सकाळपर्यंत प्लेट सुटते. न सुटल्यास माहितगार माणसास बोलवावें. यापेक्षां सोपा उपाय आधींचा आहे : ट्रॅक्टर फार दिवस उभा करावयाचा असल्यास छपराखालीं, पेडल दाबून अडकवूनच ठेवावा.

५. आवाज व थरथर

पेडल दाबतांच किरकिर सुरू होते व सोडतांच थांबते, तर बहुधा रिलीज बेअरिंग झिजलें आहे. पेडल सोडलेलें असतां घरघर होते व दाबतांच थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टाच्या बेअरिंगाचा संशय घ्यावा. पेडल सोडतांना ट्रॅक्टर थरथरत, धक्के देत निघतो, तर लायनिंगास थोडें तेल लागलें असेल, प्लेट वाकली असेल, किंवा तरफा असमान असतील. हीं चिन्हें कागदावर लिहून मिस्त्रीस द्यावीं. चांगला मिस्त्री त्यांचा राग मानीत नाहीं. त्याचें अर्धें काम झालेलें असतें.

६. दोन टप्प्यांचा क्लच

फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर १९५६ सालीं इंग्लंडांत निघाला. आपल्याकडे दिसणारा, चेन्नईच्या टाफे कंपनीचा मॅसी फर्ग्युसन १०३५ हा त्याच कुळांतला. या कुळांतील पुष्कळ ट्रॅक्टरांस, व इतरही कित्येकांस, दोन टप्प्यांचा क्लच असतो. पेडल अर्धें दाबलें म्हणजे चाकें थांबतात. पूर्ण दाबलें म्हणजे पीटीओही थांबतो. यामुळें ट्रॅक्टर थांबवूनही मळणीयंत्र किंवा रोटाव्हेटर चालूं ठेवतां येतो. परंतु येथेंच धोका आहे. ट्रॅक्टर थांबला म्हणून शाफ्टही थांबला असें मानूं नये. दुसऱ्या टप्प्याची जुळणी बिघडली असेल तर पेडल तळाला टेकूनही पीटीओ फिरत राहतो, आणि धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यांत सांपडण्यास क्षणही लागत नाहीं. इंजिन बंद करून, शाफ्ट डोळ्यांनीं थांबलेला पाहूनच जवळ जावें. या दोन टप्प्यांची परस्पर जुळणी घरीं करूं नये. ती जाणत्यानेंच मापानें करावी.

७. आपण कोठें थांबावें

पेडल, स्प्रिंग, सळई, पिना, मोकळी चाल व तळाचें भोंक, एवढें आपलें क्षेत्र. हें सर्व पाहूनही दोष राहिला तर ट्रॅक्टर खोलावा लागेल, व तें काम मिस्त्रीचें. तरी मालकानें जवळ उभें राहून तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली, आधार. पुढचा आंस मधल्या पिनेवर डोलतो. म्हणून खोलण्यापूर्वीं त्याच्या दोन्ही बाजूंस लांकडी पाचरी माराव्या, नाहींतर इंजिनाचा भाग एकीकडे कलंडतो. दोन्ही भाग मजबूत घोड्यांवर ठेवावे. विटांच्या ढिगावर किंवा नुसत्या जॅकवर कधींही ठेवूं नयेत.

दुसरी, धूळ. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, व त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुष्कळ वर्षांनीं प्राणघातक रोग उद्भवतात. ती तोंडानें फुंकूं नये, हवेच्या झोतानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी, व मुलांस दूर ठेवावें.

तिसरी, काटकसर. ट्रॅक्टर खोलण्याची मजुरीच मोठी असते; म्हणून एकदां खोलला कीं रिलीज बेअरिंग व गळणारीं सीलें त्याच वेळीं बदलावीं, आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तडकला किंवा जळला आहे काय तें पाहावें. शंभर रुपये वांचविण्यासाठीं जुनें सील ठेवणें म्हणजे तोच खर्च पुन्हां बोलावणें होय.

८. पायाची संवय

बरें झालेलें दुखणें पुन्हां आणते ती बहुधा चालकाची संवय. ट्रॅक्टर चालत असतां पाय पेडलावर टेकवून बसणें ही ती संवय. पाय हलका असला तरी चाल संपते, बेअरिंग तरफांवर घासतें, स्प्रिंगांचा जोर थोडा ढिला पडतो, आणि प्लेट न पूर्ण धरतां न पूर्ण सोडतां घासत राहते. साखर कारखान्याच्या वाटेवर दोन ट्रॉल्या ओढणारे चालक रांगेंत अर्धा क्लच धरून ट्रॅक्टर इंच-इंच पुढें नेतात. तेथें एका हंगामांत प्लेट जळते. उतारावर क्लच दाबून ट्रॅक्टर सोडून देणें तर त्याहून वाईट. इंजिनाची अडवणूक जाते, आणि ओझें ट्रॅक्टराला ढकलूं लागतें. नियम साधा आहे : दाबावयाचें तर पूर्ण दाबावें, सोडावयाचें तर पाय खालीं, पायफळीवर ठेवावा. निघतांना खालचा गिअर घ्यावा, व वेग अर्ध्या क्लचानें नव्हे, गिअरानें व थ्रॉटलानें आवरावा.

याकोब आपल्या पत्रांत दुचित्त मनुष्याविषयीं सांगतो, कीं तो आपल्या सर्व मार्गांत अस्थिर असतो. क्लचावर टेकलेला पाय पाहिला म्हणजे त्या शब्दाचा अर्थ ध्यानांत येतो. ख्रिस्ताला धरतों असेंही म्हणावें, आणि जुनें वैर, गुत्त्याची वाट किंवा जातीचा ताठा यांवरूनही पाय उचलूं नये, अशा जिण्यांत आवाज पुष्कळ व उष्णता पुष्कळ, पण चाल नसते. असा मनुष्य आळशी नसतो. तो झिजत असतो. त्याच्यावर रागावण्यापूर्वीं उपदेशकानें त्याचा पाय कोठें टेकला आहे तें पाहावें, आणि तेवढेंच प्रेमानें सांगावें. पुष्कळदां तेवढें पुरे होतें. न झाल्यास, आंतलें दुरुस्त करणारा आपणांहून मोठा आहे. त्याच्याकडे त्यास घेऊन जावें.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. क्लचाचीं मुख्य दुखणीं दोन कोणतीं? तीं कशावरून ओळखावीं?
२. लायनिंग झिजल्यावर मोकळी चाल कमी कां होते?
३. तळाच्या भोंकांतून काळें तेल ठिबकत असल्यास मिस्त्रीस काय सांगाल?
४. ट्रॅक्टर व अवजार यांच्यामध्यें कोणी कां उभें राहूं नये? आपल्या गांवांत हा नियम पाळला जातो काय?
५. या आठवड्यांत आपल्या ट्रॅक्टराची मोकळी चाल मोजून ती वहींत तारखेसह कोण लिहून ठेवील?